उसनं नाव

मे महिना संपत आला होता. पुसान शहराच्या डोंगरउतारावरच्या एका लहानशा दवाखान्यात काउंटरच्या काचेवर नवी पाटी लागली होती, आणि कू पिलनामने ती वाचली नव्हती. वाचली असती तर ती दारातूनच परत फिरली असती.

"हान युदोक आजी," काउंटरवरच्या मुलीने हाक मारली. पिलनाम लगेच उठली.

"आजी, ओळखपत्र द्या."

"कशाला? बारा वर्षं येतेय मी. डॉक्टर मला जिन्यातल्या खोकल्यावरून ओळखतात."

"डॉक्टर ओळखतात हो, पण कायदा नाही ना ओळखत. या महिन्यापासून नियम बदललाय. फोटोचं कार्ड दाखवल्याशिवाय विमा चालत नाही. लोक दुसऱ्याच्या नावावर औषधं घेऊन जातात म्हणे."

"असं का," पिलनाम म्हणाली. "काय तरी एकेक लोक."

कार्ड घरी राहिलं, घेऊन येते, असं सांगून ती औषध न घेता जिना उतरली. पोटात पिळवटत होतं, तरी थांबली नाही. ओळखपत्र तिच्या पिशवीतच होतं. पण त्यावर फोटो तिचा होता आणि नाव कू पिलनाम होतं. हान युदोक ही तिच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण.

इतकी वर्षं या देशात दवाखान्यात नाव आणि नंबर तोंडी सांगितला की काम व्हायचं. समोर बसलेलं माणूस तेच आहे का, हे बघायची तसदी कोणी घेत नव्हतं. पिलनामने युदोकचा तो लांबलचक नंबर पाठ केला होता. बदल्यात ती दर हिवाळ्यात युदोकच्या घरची सगळी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालून द्यायची. आता कोणी म्हणेल, बिचारीला विमा नसेल. तर तसं मुळीच नाही. पिलनामचा स्वतःचा विमा होता, हप्ता दर महिन्याला बँकेतून वळता होत होता. वाढलेल्या ताटावरून उठून शेजारणीच्या घरी जेवायला जावं, तसला हा प्रकार. पण दवाखान्यात स्वतःचं नाव सांगायची तिला भीती वाटत होती. तिच्या लेखी ते नाव एकदा मेलेलं होतं.

मुळात ते नावही काही तिच्या कौतुकाचं नव्हतं. पिलनाम म्हणजे आता तरी मुलगाच होऊ दे. चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने ते ठेवलं, ते तिच्यासाठी नव्हे, तिच्या मागून येणाऱ्यासाठी. म्हणजे पाळण्यातच त्या नावाला दुसऱ्याच्या कामाला जुंपलं होतं.

तरुणपणी पिलनाम बुटांच्या कारखान्यात होती. तेव्हा अर्ध्या पुसानचं पोट बुटांवर चालायचं. ती तळवे चिकटवायची, आणि तिच्या केसांना, जेवणाच्या डब्याला, नवऱ्यालासुद्धा डिंकाचा वास यायचा. कारखाना मोठा, त्यामुळे तिच्याकडे आरोग्यविम्याचं कार्ड होतं. साधा घडीचा कागद, वर शिक्का, आत नावं. फोटो नाही. डोंगरावरच्या त्यांच्या गल्लीत असं कार्ड असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे सगळे गवंडी, फेरीवाले, बंदरावरचे हमाल. कायद्याने पंगत मांडली होती ती वरच्या टोकापासून. आधी मोठे कारखाने, मग लहान, मग खेड्यातले शेतकरी. शहरातल्या फेरीवाल्यांची पानं सगळ्यात शेवटी मांडायची होती, तोवर त्यांनी वास घेत बसायचं.

गल्ली नुसती वास घेत बसली नाही. पिलनामचं कार्ड गल्लीतल्या शिडीसारखं झालं, ज्याला लागेल त्याने न्यावं आणि जागेवर आणून ठेवावं. कागदोपत्री पिलनामच्या तोंडातले जितके दात उपटले गेले तितके तिला आलेच नव्हते. एकदा तर ती बाळंत झाली, आणि त्याच आठवड्यात तिने कारखान्यात एकही खाडा केला नाही. तिची अपेंडिक्स दोनदा काढली गेली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "तुमची पुन्हा उगवली वाटतं."

"जमीन चांगली आहे डॉक्टर," पेशंटबरोबर आलेली पिलनाम मागून म्हणाली. डॉक्टर हसला आणि त्याने सही केली. त्यालाही गल्ल्या ठाऊक होत्या.

ते कार्ड कधीच न मागणारी एकच बाई होती, आन इमसून. भिंतीला भिंत लागून घर. पिलनामपेक्षा दोन वर्षांनी मोठी. बंदराच्या बाजारात बांगडे विकायची आणि संध्याकाळी पायऱ्या चढून वर येताना तिच्याआधी तिचा वास घरी पोचायचा. नवरा लांब पल्ल्याच्या मासेमारी जहाजावर, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. घरात म्हातारी सासू आणि आठ वर्षांची मुलगी मिरान. थंडीपासून इमसूनच्या पोटात दुखत होतं. बांगड्यांच्या टोपलीवर पोट दाबून ती उकिडवी बसायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई घासाघीस करायला वाकलीय.

"कार्ड घेऊन जा की ताई," पिलनाम म्हणायची.

"दुखणं माझं आणि नाव तुझं? ते जमायचं नाही बाई. रेडिओवर सांगितलंय, जुलैपासून शहरातल्या सगळ्यांना कार्ड. माझ्या स्वतःच्या नावाचं येतंय. आलं की सगळी दुखणी एकदम बाहेर काढते, डॉक्टरलाच घाम फुटला पाहिजे."

"आणि तोवर?"

"तोवर काय. माशाला विचार, बर्फात किती दिवस निघतात ते."

एकोणनव्वद सालचा मार्च होता. एका संध्याकाळी इमसून पायऱ्यांवर कोसळली आणि टोपलीतले उरलेले बांगडे घरंगळत खालच्या वळणापर्यंत गेले. पिलनामने या खेपेला विचारलं नाही. कार्ड कमरेला खोचलं आणि तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत टॅक्सीत तिने इमसूनच्या सासूला पढवलं. "आई, नीट ऐका. तिथे इमसून म्हणायचं नाही. एकदासुद्धा नाही. पकडले गेलो तर माझी नोकरी जाईल आणि हिला बाहेर काढतील. पिलनाम म्हणायचं. म्हणा बघू."

"पिलनाम," म्हातारी म्हणाली. मग टॅक्सीभर ती तेच पुटपुटत राहिली. चूक होऊ नये म्हणून बिचारीने जिवाचं रान केलं. पुढे जे झालं त्यात तिला दोष देणाऱ्याची जीभ झडो.

जठराला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं. पलंगाच्या पायथ्याला पाटी लागली, कू पिलनाम. नर्सा तिला पिलनाम म्हणायच्या, सासू पिलनाम म्हणायची, आणि कारखाना सुटल्यावर येऊन बसणारी पिलनामही तिला पिलनामच म्हणायची. स्वतःच्याच नावाने दुसऱ्याला हाक मारताना पहिल्यांदा तिला हसू यायचं. इमसूनलाही त्यात गंमत वाटली. ती उशीवरून डोळे मिचकावून म्हणायची, "काय गं इमसून, आज बांगडे कसे दिले?"

"तुझ्यासारख्या चिकट बाईला मी विकतच नाही."

"चिकट तर मी असणारच. बुटाच्या कारखान्यात आहे ना मी."

ऑपरेशनच्या टाक्यांना हसू सोसायचं नाही, तरी दोघी हसायच्या. मग ताप चढला आणि गंमत संपली. तापात इमसूनला आपण इमसून आहोत हेच आठवेना. दुपारी ती दचकून उठायची आणि विचारायची, "बस गेली का कारखान्याची? माझा खाडा लागेल." बोटं चादरीवर फिरत राहायची, डिंक लावल्यासारखी, कडेकडेने. इमसूनने उभ्या आयुष्यात तळवा चिकटवला नव्हता. पिलनाम शेजारी बसून ती बोटं बघायची. बरोबर तिच्याच हाताची लय होती ती.

डॉक्टरने हात टेकले तेव्हा सासूने सांगितलं, घरी न्यायचं. परक्या छपराखाली मरण आलं तर जीव वाट चुकतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दवाखान्याची गाडी आली, बरोबर एक कर्मचारी आला, हाताने रबरी पिशवी दाबून तिला श्वास पुरवत. इमसून स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणावर पोचली. पण तो माणूस पिशवी दाबत उशाशी बसून होता, दवाखान्याचा माणूस, आणि त्याच्यासमोर नाव घ्यायची कोणाची छाती झाली नाही. त्यामुळे शेवटच्या घटकेला सासू तिच्या कानाशी जे बोलली ते असं होतं, "पिलनाम, डोळे उघड गं. पिलनाम, घरी आलीस बघ."

दुपारी ती गेली. तो माणूस पिशवी गुंडाळून खाली उतरला.

गल्लीने मग रीतीप्रमाणे सगळं केलं. न्यायला येणाऱ्या यमदूतांसाठी दाराशी तीन वाडगे भात आणि तीन जोड पादत्राणं ठेवायची असतात, म्हणजे ते खाऊन, पायात घालून, जिवाला वाटेत त्रास न देता नेतात. पूर्वी गवती चपला ठेवायचे. त्यांच्या गल्लीत गवत कुठलं. पिलनामने घरातून तीन जोड बूट आणले, शिलाई चुकली म्हणून कारखान्याने बाजूला काढलेले, पांढरे, नवे कोरे. तळवे तिनेच चिकटवलेले होते. ती अंगणात वाकून ते बूट ओळीने मांडत होती तेव्हा सासू शिडीने छपरावर चढली. घरात पुरुष माणूस नव्हतं म्हणून तीच चढली. पाण्याच्या निळ्या टाकीशेजारी उभी राहून तिने इमसूनचं पांढरं जाकीट उत्तरेकडे तोंड करून उंच धरलं. जीव अजून फार लांब गेलेला नसतो. नाव घेऊन हाक मारली तर एखादा परत फिरतो, असं म्हणतात. न फिरला तर निदान त्याला कळतं, आपल्याला कोणीतरी बोलावलं होतं.

"कू पिलनाम," म्हातारीने हाक दिली. "परत ये."

अंगणातल्या बायका थिजल्या. पिलनाम हातात बूट घेऊन तशीच वाकलेली.

"कू पिलनाम, परत ये."

म्हातारीला काही कळलं नव्हतं. तिने आठवडाभर जे घोकलं होतं तेच तिच्या तोंडून निघत होतं, जाकीट वाऱ्यावर फडफडत होतं.

"कू पिलनाम, परत ये."

आणि पिलनाम म्हणाली, "ओ."

ती का म्हणाली हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही. कारखान्यात रोज सकाळी हजेरीला तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही तर खाडा लागायचा, तीच सवय जिभेवर आली असेल. पण अशा हाकेला जिवंत माणसाने ओ देऊ नये हे तिला आईने लहानपणीच शिकवलं होतं. छपरावर म्हातारीचा हात तसाच वर राहिला. मग तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं आणि ती टाकीला धरून खाली बसली.

"पुन्हा हाक मारा," कोणी बाई म्हणाली, "खऱ्या नावाने मारा."

"तीन हाका झाल्या. त्या पुन्हा मारायच्या नसतात," कोपऱ्यावरचा म्हातारा म्हणाला. त्याने अशी बरीच माणसं पोचवली होती.

जुलैमध्ये कायदा लागू झाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. कायदा चांगला होता, याबद्दल वाद नाही. त्या वर्षापासून गल्लीतल्या कोणालाही कोणाचं कार्ड मागावं लागलं नाही, आणि कितीतरी माणसं जगली. पण मार्चमध्ये गेलेल्या बाईला जुलैचा कायदा काय कामाचा. पोस्टमन इमसूनच्या घरचं कार्ड घेऊन आला. सासूला वाचता येत नव्हतं, म्हणून पिलनामने वाचून दाखवलं. जहाजावरच्या मुलाचं नाव होतं, म्हातारीचं होतं, मिरानचं होतं. म्हातारीने बोट खाली खाली नेलं, कोऱ्या जागेपर्यंत.

"तिचं कुठेच नाही," ती म्हणाली. "हाकेतही नाही, कार्डातही नाही."

त्याच हिवाळ्यात पिलनामला न्यूमोनिया झाला आणि ती स्वतःचं कार्ड घेऊन दवाखान्यात गेली. बाकावर बसली होती. नर्सने आतून हाक मारली, "कू पिलनाम." पिलनाम उठणार, तेवढ्यात शेजारून कोणीतरी उठलं. शेजारची जागा रिकामी होती, हे तिने बसतानाच पाहिलं होतं. कापड घासल्याचा आवाज झाला आणि बांगड्यांचा वास आला, संध्याकाळी पायऱ्या चढून यायचा तसाच, बर्फ वितळल्यावरचा. नर्स बाहेर डोकावली आणि पिलनामकडे बघून म्हणाली, "तुमचा नंबर नंतर. पिलनाम आत गेल्या ना आताच?"

पिलनाम अंगात ताप घेऊन घरापर्यंत धावली. त्यानंतर ती दवाखान्यात स्वतःच्या नावाने कधी गेली नाही. काढे घेतले, वैद्याकडून सुया टोचून घेतल्या, दात पक्कडीने स्वतः उपटला. नवऱ्याला खूळ वाटायचं, पण तो मेला तोवर त्याला सवय झाली होती. तिला मात्र सरळ दिसत होतं. छपरावरून इमसूनला कोणी बोलावलंच नाही, म्हणून ती अजून दवाखान्यातच बसलीय, दिलेल्या नावाची हाक यायची वाट बघत. आणि ज्यांनी न्यायचं त्यांच्याकडे नाव पिलनामचं आहे. चुकीचं माणूस नेलं हे त्यांच्या कधीतरी ध्यानात येईलच. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर नव्या रबरी तळव्यांचा करकर आवाज आला की तिच्या अंगावर काटा यायचा. कोणाच्या पायात आपण चिकटवलेले बूट आहेत, कोण जाणे.

म्हणून उसनं नाव. युदोकचं. बारा वर्षं छान चाललं, आणि मग ती पाटी लागली.

दवाखान्यातून तशीच परत आल्याला चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी दार धडधडलं. युदोक होती, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत. जिना चढायची तिला सवय नव्हती.

"अगं ए पिलनाम, माझ्या पोटात काय घातलंस तू?"

"आधी बस तरी."

"बसतेय कसली. त्या दवाखान्यातून फोन आला. हान युदोक आजी, मागच्या महिन्यात तुम्ही शौचाची तपासणी दिली होती, त्यात रक्त निघालंय, ताबडतोब दुर्बिणीने पोट बघायला हवं, चिठ्ठी देतो, मोठ्या दवाखान्यात जा. मी म्हटलं, बाळ, मला तर दोन वेळ सपाटून भूक लागते. तर ती पोरगी म्हणते, आजी, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरत नाही?"

पिलनामने पोटावर हात ठेवला. पोटातलं ते पिळवटणं थंडीपासूनचं होतं. तीही गेले काही महिने पोट दाबूनच बसत होती.

"ते तुझं आहे, होय ना?" युदोकचा आवाज खाली आला. "बये, किमची खाल्ली तुझी, नाही म्हणत नाही. पण हे उचल माझ्या नावावरून. रात्रभर मला वाटतंय, कोणी दाराशी येऊन माझा पत्ता विचारतंय. मी काय केलंय गं कोणाचं?"

पिलनामने तिच्याकडे पाहिलं. गोल तोंडाची, लोभी, दुसऱ्याच्या भांडणात रस घेणारी, कधी कोणाचं वाईट न चिंतलेली म्हातारी. आणि तिच्या लक्षात आलं, आपण पळता पळता काय करून बसलोय. जे आपल्या मागे लागलं होतं, त्याच्या वाटेवर आपण या बाईला नेऊन उभं केलंय. आपण तिच्या नावाने पलंगावर पडलो, तर छपरावरून हाक जाईल ती हान युदोकच्या नावाने.

"उचलते," ती म्हणाली.

तिने मिरानला फोन केला. इमसूनची मुलगी आता त्रेचाळीस वर्षांची, बाजारात तयार भाज्या-लोणच्यांचं दुकान चालवणारी. बापाने पुढे दुसरं लग्न केलं, आजी थकली, आणि मिरान भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे कधी राहायला आली ते कोणाला सांगता आलं नसतं. ती पिलनामला मावशी म्हणायची. त्या दिवशी तिने दुकान बंद करून सगळं ऐकून घेतलं, आणि आधी जे करायचं ते केलं. पिलनामला घेऊन विम्याच्या ऑफिसात गेली आणि सगळं सांगून टाकलं. तिथल्या कारकुनाने दोनदा ऐकलं.

"म्हणजे आजींचा स्वतःचा विमा आहे?"

"आहे."

"हप्ते थकलेत?"

"एकही नाही."

"मग दुसऱ्याचा का वापरला? आजी, लोक स्वतःचा नसतो म्हणून दुसऱ्याचा वापरतात."

"मला माझा वापरायची भीती वाटते," पिलनाम म्हणाली.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. हा रकाना त्याच्याकडे नव्हता. मग त्याने बापडा जबाब लिहून घेतला, दोघींच्या नोंदी वेगळ्या करायला पाठवल्या, आणि दंडाचं काय ते वरून कळेल म्हणाला. खाली दारात युदोक उभी होती. तिने विचारलं, "सुटले का मी?" सुटलीस, म्हटल्यावर ती तिथल्या तिथे शेवयांच्या दुकानात शिरली.

मोठ्या दवाखान्यातली तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. पिलनामने आदल्या दिवशी दोनदा नकार दिला आणि दोनदा होकार दिला. सकाळी ती स्वतःच्या पायांनी बसमध्ये चढली. काउंटरवर तिने ओळखपत्र सरकवलं. मुलीने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि परत दिलं. इतक्याशा गोष्टीला पिलनामच्या पाठीवरून घाम ओघळला.

आतल्या खोलीत एक कोवळ्या वयाची नर्स प्रश्न विचारत होती. "आजी, पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय?"

"झालंय," पिलनामच्या तोंडून निघून गेलं. "एकोणनव्वद साली. जठराचं."

नर्सने सदरा वर करून पाहिला. पोट सुरकुतलेलं, पण अखंड. "कुठे? व्रण तर दिसत नाही."

"व्रण ती घेऊन गेली."

नर्सने मिरानकडे पाहिलं. म्हातारीला विसर पडायला लागलाय का, असं त्या नजरेत होतं.

"ते ऑपरेशन माझ्या आईचं होतं," मिरान म्हणाली. "नाव मावशीचं होतं. तेव्हा तसं चालायचं. तुम्ही 'नाही' लिहा."

नर्सने 'नाही' लिहिलं आणि बाहेर बसायला सांगितलं. बाकावर पिलनाम मधे बसली, मिरान एका बाजूला. दुसऱ्या बाजूची जागा रिकामी होती. माणसं उभी होती, तरी तिथे कोणी बसत नव्हतं. फरशीवर बुटांची करकर येत-जात होती.

"मिरान," पिलनाम म्हणाली, "तुझ्या आईला मी आणलं होतं दवाखान्यात. तिला नको होतं. माझं नाव मीच तिच्या गळ्यात घातलं. आणि आजीने छपरावरून हाक मारली ती तिला पोचलीच नाही. ती मी घेतली. तू लहान होतीस, तुला ठाऊक नाही."

"मला ठाऊक नाही? मी शिडी धरली होती, मावशी."

पिलनामने मान वळवली.

"आजी पडेल म्हणून खाली शिडी धरून उभी होते मी. सगळं ऐकलं." मिरान समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "मला ते जिवाला बोलावणं वगैरे काय कळणार? मला वाटलं, आई गेली, आता माझं काय करायचं, म्हणून आजी तुला बोलावतेय. छपरावर चढून, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पिलनाम, परत ये. आणि तू ओ दिलीस." ती पिलनामकडे वळली. "मी शिडी सोडून तुझ्याकडे पळत आले होते. आठवतंय? तू तो बूट टाकून मला उचललं होतंस."

पिलनामला आठवत नव्हतं. बूट आठवत होता, हातातला, पांढरा. तो कुठे गेला हे इतक्या वर्षांत तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"मग आता तू गेलीस तर कसं चालेल," मिरान म्हणाली. "आत जा, बघू दे त्यांना काय आहे ते."

आतून दार उघडलं. "कू पिलनाम."

बांगड्यांचा वास आला. लगेच आला, गरम, ओला, पायऱ्यांवरचा. मिरानच्या नाकपुड्या हलल्या. शेजारच्या रिकाम्या जागेवर कापड घासलं, कोणीतरी गुडघ्यांवर हात टेकून उठू लागलं होतं, दिवसभर बाजारात बसून पाय अवघडलेली बाई उठते तसं.

पिलनामने त्या जागेवर हात ठेवला. लाकूड थंडगार होतं. दवाखान्यात जे नाव घ्यायचं नाही असं तिनेच सगळ्यांना बजावलं होतं, ते तिने मोठ्याने घेतलं.

"इमसूनताई. आन इमसून. बस तू. ही हाक माझी आहे."

मग ती "ओ" म्हणाली आणि उठून आत गेली.